एक टोक बापूंकडे

३२-२७-५-०. गोलंदाजाच्या नावापुढे धावफलकावर चार आकडे असतात: षटकं किती टाकली, त्यातली निर्धाव किती, धावा किती दिल्या, बळी किती मिळाले. हे चार आकडे डावखुरे फिरकी गोलंदाज रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी यांचे आहेत. जन्म नाशिकचा, ४ एप्रिल १९३३. सगळं क्रिकेटजग त्यांना 'बापू' म्हणूनच ओळखत आलं. १९६४ च्या जानेवारीत मद्रासच्या कॉर्पोरेशन स्टेडियमवर इंग्लंडच्या पहिल्या डावात त्यांनी ही गोलंदाजी केली, आणि जागतिक क्रिकेटच्या इतिहासात या ओळीच्या जवळपास जाणारं फार थोडं सापडतं.

ही ओळ घाईने वाचू नका. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर ती उलगडत जाते. ३२ षटकांतली २७ निर्धाव, म्हणजे धाव निघाली अशी षटकं फक्त ५. एकूण धावाही ५. मग त्या प्रत्येक षटकात एक आणि एकच धाव निघालेली असणार. दुसरी शक्यताच उरत नाही. ३२ षटकांचे चेंडू १९२. त्यातल्या १८७ चेंडूंवर समोरच्या फलंदाजाला एकही धाव घेता आली नाही. चौकार सोडा, दुहेरी धावसुद्धा नाही.

ही गोलंदाजी चार टप्प्यांत झाली. पहिल्यांदा ३ षटकं, तिन्ही निर्धाव. मग ७ षटकांत ५ निर्धाव आणि २ धावा. मग १९ षटकांत १८ निर्धाव आणि १ धाव. शेवटी ३ षटकांत १ निर्धाव आणि २ धावा. सलग २१ निर्धाव षटकांचा विक्रम यातच दडलेला आहे. सलग २१ हवीत तर तिसऱ्या टप्प्यातली पहिली किमान १६ एका ओळीत हवीत आणि त्यांच्या आधी दुसऱ्या टप्प्याच्या शेवटची किमान ३ हवीत. याचा अर्थ तिसऱ्या टप्प्यातली ती एकमेव धाव त्या टप्प्याच्या शेवटच्या तीन षटकांपैकीच एकात निघाली. त्याआधीची सगळी षटकं कोरी. साठ वर्षांनंतर नुसत्या आकड्यांवरून आपण एखाद्या दुपारी मैदानावर काय घडलं ते इतकं नेमकं सांगू शकतो, हे मला आजही थरारक वाटतं.

तो दिवस १२ जानेवारी १९६४ चा, सामन्याचा तिसरा. भारताने ७ बाद ४५७ वर डाव घोषित केला होता. बुधी कुंदरन यांच्या १९२ आणि विजय मांजरेकर यांच्या १०८ धावा. इंग्लंडचे काही खेळाडू पोटाच्या आजाराने बेजार होते. केन बॅरिंग्टन आणि ब्रायन बोलस यांना सामना वाचवायचा होता, जोखीम घ्यायची नव्हती. हे सगळं मान्य. पण सामना वाचवू पाहणारा फलंदाजही पायावर पडलेला चेंडू ढकलून एक धाव घेतोच, आखूड चेंडू मागे सरकून कट करतोच. त्या २१ षटकांचे १२६ आणि कडेच्या षटकांतले ५ धरून सलग १३१ चेंडूंत असा एकही चेंडू मिळाला नाही, ही गोष्ट फलंदाजाच्या सावधपणाने पुरती उलगडत नाही.

ती उलगडण्यासाठी खेळपट्टीकडे वळावं लागतं. दोन क्रीजमधलं अंतर १७.६८ मीटर. संथ फिरकी गोलंदाजाचा चेंडू ताशी ८० किलोमीटर वेगाने निघाला असं धरलं, तर तो पाऊण सेकंदाच्या आसपास फलंदाजापर्यंत पोचतो. चेंडू फार पुढे पडला तर फलंदाज पाय टाकून तो टप्प्यावरच मारतो. फार आखूड पडला तर मागे जायला सवड मिळते. या दोहोंच्या मधे एक चिंचोळी पट्टी असते. तिथे पडलेल्या चेंडूला पुढे जाऊन गाठता येत नाही आणि मागे जाऊन थोपवायला वेळ पुरत नाही. चांगला टप्पा म्हणतात तो हा.

आता गणित करून पाहू. गोलंदाजाच्या हातातून चेंडू साधारण दोन मीटर उंचीवर सुटतो आणि सुमारे १४ मीटरवर टप्पा पडायला हवा. चेंडू सुटण्याच्या कोनात अवघ्या एका अंशाचा फरक पडला, तर टप्पा ८० ते ९० सेंटीमीटर सरकतो. एक अंश म्हणजे घड्याळाच्या दोन मिनिट-रेघांमधल्या अंतराचा सहावा भाग. मनगट एवढंसं वाकडं झालं की उत्तम चेंडू फार पुढे पडतो किंवा फार आखूड. शिवाय चेंडू फिरवायचा, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा, उंची कमी-जास्त करून फलंदाजाला संभ्रमात ठेवायचं, आणि हे सगळं मद्रासच्या उकाड्यात, घामाने निसरड्या झालेल्या बोटांनी करायचं. बापूंनी ते १८७ वेळा केलं.

त्याची तयारी नेटमध्ये झाली होती. बापू सरावाला खेळपट्टीवर टप्प्याच्या जागी एक नाणं ठेवत आणि त्यावर चेंडू टाकत राहत, ही आठवण त्यांच्या पिढीच्या क्रिकेटपटूंपासून पुढे आलेली आहे. नाण्याची रुंदी दोन-अडीच सेंटीमीटर. एका अंशात ऐंशी सेंटीमीटर घसरणारा टप्पा त्या नाण्याभोवती बांधून ठेवायला मनगटाने काय काय पाठ केलं असेल!

विक्रमाबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सलग निर्धाव चेंडूंचा कसोटीतला उच्चांक बापूंचा नाही; तो दक्षिण आफ्रिकेचे ह्यू टेफील्ड यांचा आहे. डर्बनला १९५७ मध्ये त्यांनी १३७ चेंडू एकही धाव न देता टाकले. त्या काळी दक्षिण आफ्रिकेत आठ चेंडूंचं षटक असे. त्यामुळे सलग निर्धाव षटकांत बापू सर्वांच्या पुढे आहेत, आणि तो विक्रम अजून त्यांच्याच नावावर आहे.

पण मला या ओळीतला सर्वांत बोलका आकडा वाटतो तो शेवटचा, शून्य. इतक्या गोलंदाजीनंतर बळी एकही नाही. त्याच डावात चंदू बोर्डे यांनी ८८ धावांत ५ बळी घेतले. बोर्डे पुण्याचे, लेगस्पिनर, महाराष्ट्राच्या संघातले बापूंचे जुने साथीदार. एका बाजूने धावच निघत नसेल, तर धावा हव्या असलेला फलंदाज दुसऱ्या बाजूला वळतो आणि तिथे चूक करतो. धावफलक बळी कोणाच्या नावावर ते सांगतो. दाब कोणी आणला ते सांगत नाही. क्रिकेटमध्ये याला टोक धरून ठेवणं म्हणतात, आणि बापूंची सगळी कारकीर्द हेच काम करण्यात गेली.

बेसबॉलमध्ये या कामासाठी धावफलकावर वेगळा रकाना आहे. तिथे सुरुवातीचा पिचर दमला की मधल्या किंवा शेवटच्या डावांसाठी राखीव पिचर येतो. आपल्या संघाची आघाडी त्याने हातून जाऊ दिली नाही आणि पुढच्याकडे ती शाबूत सोपवली, तर त्याच्या नावावर 'होल्ड' लागतो. सामना जिंकल्याचं श्रेय दुसऱ्याला, पण राखल्याची नोंद याला. जेसी ओरोस्को नावाच्या डावखुऱ्या पिचरने असं काम करत १९७९ ते २००३ या काळात १,२५२ सामन्यांत चेंडू फेकला, जो तिथला विक्रम आहे. थांबला तेव्हा तो ४६ वर्षांचा होता. क्रिकेटने असा रकाना कधी केला नाही. निर्धाव षटकं लिहिली जातात, पण ती वाचून संघ निवडणारा विरळा.

बापूंची एकूण कामगिरी यामुळेच फसवी दिसते. ४१ कसोटी, ८८ बळी, सरासरी २९.०७. बरी आहे, असं म्हणून माणूस पुढे जाईल. त्यांना एका बळीसाठी सरासरी १०४ चेंडू टाकावे लागले, सतराहून अधिक षटकं. पण त्या सतरा षटकांत धावा गेल्या २९! संपूर्ण कसोटी कारकिर्दीत त्यांनी ९,१६५ चेंडू टाकले आणि षटकामागे १.६७ धावा दिल्या. त्या काळात याहून कंजूष म्हणावेत असे दक्षिण आफ्रिकेचे ट्रेव्हर गोडार्ड, १.६४. मद्रासची ती दुपार अपघात नव्हती, हे त्याच्या तीन वर्षं आधीच्या पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेतही दिसतं. कानपूरला ३२ षटकं, २४ निर्धाव, २३ धावा. दिल्लीला ३४ षटकं, २४ निर्धाव, २४ धावा आणि १ बळी.

कसोटीतली सुरुवातही अशीच कष्टाची. पुणे विद्यापीठ स्थापन होऊन जेमतेम दोन वर्षं होत होती तेव्हा, १९५०-५१ मध्ये, बापू त्या विद्यापीठाकडून रोहिंटन बारिया करंडकात खेळले. पुढच्याच मोसमात महाराष्ट्राकडून रणजी. डिसेंबर १९५५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध दिल्लीला पहिली कसोटी मिळाली, तीही विनू मांकड यांनी विश्रांती घेतली म्हणून. फलंदाजीत नाबाद ६८ आणि गोलंदाजीत सामन्यात ५७ षटकं टाकून एकही बळी नाही. मांकड परतले, बापू बाहेर. देशात मांकडांसारखा डावखुरा फिरकीपटू असताना दुसऱ्या डावखुऱ्याने वाट पाहायची, हे त्या काळाचं वास्तव होतं. बापूंनी वाट पाहिली आणि दरम्यान रणजीत धावांच्या राशी उभ्या केल्या. १९६०-६१ मध्ये मुंबईकडे आल्यावर दिल्लीविरुद्ध नाबाद २८३. प्रथम श्रेणीत एकूण ८,८८० धावा, सरासरी चाळिसाच्या वर, आणि ५०० बळी. मुंबईने सलग पंधरा वर्षं रणजी करंडक जिंकला त्यातल्या मधल्या सगळ्या वर्षांत हा नाशिककर संघात होता.

त्यांच्यावर टीका झाली, आणि ती सगळीच अन्यायाची नव्हती. १९६३-६४ च्या इंग्लंड मालिकेतले पाचही सामने अनिर्णित राहिले. प्रेक्षक कंटाळले, समीक्षकांनी 'नकारात्मक' हा शब्द वापरला. मंद खेळाला आमंत्रण देणारी गोलंदाजी, असं म्हणणाऱ्यांना खोडून काढणं सोपं नाही. माझं मत मात्र वेगळं आहे. तेव्हाच्या भारतीय संघाकडे धाक वाटावा असा वेगवान मारा नव्हता. मन्सूर अली खान पतौडी मद्रास कसोटीच्याच महिन्यात तेवीस वर्षांचे झाले होते आणि इंग्लंडसमोर संघाचं नेतृत्व करत होते. अशा कर्णधाराला एक टोक निर्धास्तपणे सोपवता येईल असा माणूस मिळणं, ही त्या संघाची फार मोठी गरज होती. आणि बापूंना बळी घेता येत नव्हते असंही नाही. १९६४ च्याच ऑक्टोबरमध्ये, त्याच मद्रासला, त्यांनी ऑस्ट्रेलियाचे पहिल्या डावात ३१ धावांत ५ आणि दुसऱ्यात ९१ धावांत ६ असे ११ बळी घेतले. कर्णधाराला जे हवं ते ते देत होते.

इंग्लंडच्या त्याच मालिकेत कानपूरला भारतावर फॉलोऑन आला. पहिल्या डावात तळाला नाबाद ५२ काढलेल्या बापूंना दुसऱ्या डावात वर पाठवलं, आणि ते नाबाद १२२ वर परतले. त्यांचं कसोटीतलं एकमेव शतक. सामना वाचला. त्या दिवसांत मांडीला बांधायचे पॅड नावापुरते, हातमोजे पातळ, हेल्मेट तर नव्हतंच. तरी बापू खेळपट्टीवर असे ठाण मांडत, आणि फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षणालाही उभे राहत.

आणखी एक प्रसंग आकड्यांत बसत नाही. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. कवटीला इजा होऊन जिवावर बेतलं. शस्त्रक्रियेसाठी रक्त हवं होतं. ज्यांनी दिलं त्यांत वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते, पॉली उम्रीगर होते, बोर्डे होते, आणि बापू नाडकर्णी होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले.

निरोपाच्या वेळी तरी बापूंना बळी आणि विजय एकत्र मिळाले. १९६८ च्या न्यूझीलंड दौऱ्यात वेलिंग्टनला त्यांनी दुसऱ्या डावात ४३ धावांत ६ बळी घेतले. अजित वाडेकर यांचं एकमेव कसोटी शतक, १४३, त्याच सामन्यातलं. भारताने मालिका ३-१ ने जिंकली. परदेशात जिंकलेली ती भारताची पहिली मालिका. ऑकलंडची कसोटी बापूंची अखेरची ठरली. तोपर्यंत बिशनसिंग बेदी आले होते, आणि डावखुऱ्या फिरकीची जागा योग्य हातात गेली होती.

यानंतर बापूंनी टोक धरलं ते सीमारेषेबाहेरून. निवड समितीत काम केलं, क्रिकेट नियामक मंडळात संयुक्त सचिव झाले, आणि भारतीय संघाबरोबर साहाय्यक व्यवस्थापक म्हणून गेले. त्या काळी संघाबरोबर आजच्यासारखा प्रशिक्षकांचा ताफा नसे. गोलंदाजीचा, फलंदाजीचा, क्षेत्ररक्षणाचा वेगळा गुरू ही कल्पनाच नव्हती. साहाय्यक व्यवस्थापकच सराव बघायचा, सल्ला द्यायचा आणि पोरांची मनं सांभाळायचा. बापू गेले तेव्हा सुनील गावसकर यांनी या दिवसांची आठवण सांगितली होती. उपाहाराच्या किंवा चहाच्या वेळी बापू हळूच कर्णधाराजवळ येत आणि अमुक गोलंदाजाला आण, यष्टीच्या या बाजूने टाकून बघ, असं सुचवत. आणि त्यांचा आवडता शब्द होता, 'छोडो मत'.

तो शब्द खरा करण्याची वेळ १० फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नला आली. ७० धावांवर असलेल्या गावसकरांना डेनिस लिली यांच्या चेंडूवर पायचीत दिलं गेलं. चेंडू बॅटला लागला होता अशी त्यांची खात्री होती. शब्दाला शब्द वाढला, आणि संतापलेले गावसकर जोडीदार चेतन चौहान यांनाही बरोबर घेऊन मैदानाबाहेर निघाले. दोघंही सीमारेषा ओलांडते तर सामना सोडून दिल्याचं गणलं जाऊ शकलं असतं. कुंपणाच्या दाराशी व्यवस्थापक शाहिद दुराणी आणि साहाय्यक व्यवस्थापक बापू नाडकर्णी उभे ठाकले. चौहान यांना तिथूनच परत फिरवलं, आणि पुढचा फलंदाज म्हणून दिलीप वेंगसरकर मैदानात गेले.

पुढचं इतिहासात आहे. ऑस्ट्रेलियापुढे १४३ धावांचं सोपं लक्ष्य होतं. मांडी दुखावलेले कपिल देव शेवटच्या दिवशी उतरले आणि २८ धावांत ५ बळी घेऊन गेले. दुसऱ्या बाजूने दिलीप दोशी पायाला फ्रॅक्चर असताना लंगडत टाकत राहिले. दोशी डावखुरे फिरकीपटूच. ऑस्ट्रेलिया ८३ धावांत गारद, भारत ५९ धावांनी विजयी, मालिका १-१ अशी बरोबरीत. धावफलकावर साहाय्यक व्यवस्थापकाचं नाव कुठेच येत नाही. मद्रासच्या डावात निदान एक ओळ तरी होती. मेलबर्नच्या विजयात बापूंच्या नावाची एक ओळसुद्धा नाही. पण तो सामना सुरू राहिला म्हणून जिंकता आला, आणि तो सुरू ठेवणाऱ्यांत ते होते.

आज वीस षटकांच्या खेळात निर्धाव चेंडूला अचानक भाव आला आहे. २०२३ च्या आयपीएलच्या बाद फेरीत प्रत्येक निर्धाव चेंडूमागे ५०० रोपं लावण्याची घोषणा झाली होती, आणि फलकावर आकड्याऐवजी झाडाचं चित्र उमटत होतं. त्या हिशोबाने मद्रासच्या एका डावातून ९३,५०० झाडं उभी राहिली असती. चार षटकांत आठ-दहा निर्धाव चेंडू टाकणाऱ्या गोलंदाजाची आज वाहवा होते, ती योग्यच आहे. पण या कौशल्याची पराकाष्ठा एका नाशिकच्या माणसाने साठ वर्षांपूर्वी करून ठेवली आहे, हे त्या वाहवेत ऐकू यायला हवं.

बापूंचं १७ जानेवारी २०२० रोजी मुंबईत निधन झालं, वयाच्या ८६ व्या वर्षी. सचिन तेंडुलकर यांनी तेव्हा लिहिलं होतं की, त्या २१ निर्धाव षटकांची गोष्ट ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. नाशिकची किती मुलं ती ऐकत मोठी होतात? हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर आता रणजी सामने होतात. नाशिकचाच सत्यजित बच्छाव महाराष्ट्राकडून डावखुरी फिरकी टाकत आला आहे. शहरात सकाळी-संध्याकाळी नेट भरलेले असतात, आणि त्यात एखादा-दुसरा डावखुरा मुलगा हमखास असतो.

त्या नेटवर उभ्या असलेल्या प्रशिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. मुलांच्या सामन्याची वही लिहिताना बळींच्या रकान्याशेजारी निर्धाव चेंडूंचाही एक रकाना आखा. सामना संपला की तो मोठ्याने वाचून दाखवा, आणि पुढच्या सामन्याचा संघ निवडताना तो उघडून बघा. नाणं ठेवून सराव करायला लावा, अर्धा तास, रोज. आणि बळी न मिळालेला एखादा मुलगा खाली मान घालून परत आला, तर त्याला ३२-२७-५-० ही ओळ लिहून द्या, तिचं गणित त्यालाच सोडवायला सांगा.